पिल्ले योजनेची, खाद्य कोणाचे? परसातील कोंबड्यांच्या खर्चाचा हिशेब

परसातील कुक्कुटपालनासाठी आपण अर्ज केला असेल, तर मंजुरीपत्रात पिल्लांची संख्या आणि अनुदानाची रक्कम लगेच दिसते. ती पिल्ले अंड्यावर येईपर्यंत, म्हणजे साधारण सहा महिने, त्यांना काय खाऊ घालायचे हा खर्च मात्र सहसा लाभार्थ्याच्या खिशातून जातो. पैसे संपले की पक्षी अंडी देण्याआधीच विकावे लागतात. म्हणून मक्याचा भाव ही केवळ शेतकऱ्याची नाही, आपलीही बातमी आहे.

मक्याच्या भावाचे काय चालले आहे?

कर्नाटकातील म्हैसूर जिल्ह्यात, पिरियापट्टण तालुक्यात बेट्टदपुर आहे. या भागात तंबाखूबरोबर मका आणि नाचणी पिकते, म्हणजे कोंबडीचे धान्य शिवारातच आहे. २०२५-२६ साठी केंद्र सरकारने मक्याचा हमीभाव क्विंटलला २,४०० रुपये आणि नाचणीचा ४,८८६ रुपये ठरवला. नोव्हेंबर २०२५ मध्ये मात्र कर्नाटकातील बाजारात मका १,६०० ते १,८०० रुपयांपर्यंत उतरला. शेतकरी रस्त्यावर आले आणि मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी पंतप्रधानांना पत्र लिहिले.

त्याच्या आदल्या वर्षी चित्र उलटे होते. डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधने आली आणि इथेनॉलचे कारखाने मक्याकडे वळले. कोंबडीखाद्य आणि इथेनॉल यांच्यात मक्यासाठी ओढाताण सुरू झाली. २०२४ मध्ये केंद्राने कमी आयात शुल्कावर सुमारे ५ लाख टन मका आणायला परवानगी दिली. तांदळाच्या कणीचेही तसेच झाले. सप्टेंबर २०२२ मध्ये कणीच्या निर्यातीवर बंदी घालताना सरकारने पशुखाद्य महागल्याचे कारण दिले होते. ती बंदी मार्च २०२५ मध्ये उठली.

आपल्यासाठी याचा अर्थ असा की खाद्याचा भाव एका वर्षात बराच वरखाली होऊ शकतो, पण अनुदानाची रक्कम त्याबरोबर हलत नाही.

पिल्लाचे वय का पाहायचे?

शेजारच्या महाराष्ट्रातील एकात्मिक कुक्कुट विकास कार्यक्रमाचे उदाहरण पाहा. त्यात ५० टक्के अनुदानावर दोन प्रकारचे गट दिले जात. पूर्वीच्या दरांनुसार १०० एकदिवसीय पिल्लांच्या गटाची किंमत १६,००० रुपये धरली होती. त्यात पिल्लांचे २,००० रुपये आणि खाद्याचे १२,४०० रुपये होते. २५ तलंगा आणि ३ नर यांच्या ६,००० रुपयांच्या गटात खाद्य फक्त १,४०० रुपयांचे होते. हे दर नंतर वाढवले गेले, पण धडा तोच आहे. पिल्लू जितके लहान, तितका खाद्याचा बोजा मोठा. पहिले चार ते सहा आठवडे पिल्लू बाहेर चरू शकत नाही. त्याला ऊब आणि विकतचे खाद्य द्यावेच लागते.

केंद्राच्या राष्ट्रीय पशुधन अभियानात पूर्वी दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला सुमारे चार आठवड्यांची ४५ पिल्ले टप्प्याटप्प्याने मिळत. २०२१-२२ पासून अभियानाचा भर उद्योजकांवर आहे. किमान १,००० पक्ष्यांचे प्रजनन केंद्र, उबवणी आणि पिल्ले वाढवण्याचे केंद्र उभारणाऱ्याला ५० टक्के, कमाल २५ लाख रुपये भांडवली अनुदान मिळते. खाद्य हे खेळते भांडवल असल्याने ते या अनुदानात येत नाही.

२० कोंबड्यांचा खर्च किती?

मोठ्या कोंबडीला दिवसाला सुमारे १०० ते १२० ग्रॅम खाद्य लागते. ग्रामप्रिया जातीची कोंबडी परसात वर्षाला साधारण १६० अंडी देते. पुढील हिशेबात खाद्याचे भाव उदाहरणादाखल घेतले आहेत. त्या जागी आपल्या गावचे भाव घाला.

- सर्व खाद्य विकतचे: रोज २.४ किलो, महिन्याला ७२ किलो. ३५ रुपये किलोने २,५२० रुपये. पोटभर खाद्यावर अंडी वाढून वर्षाला २२० झाली, असे धरले तरी एका अंड्यामागे सुमारे ७ रुपये खर्च.
- दिवसभर चरणे आणि संध्याकाळी प्रत्येकी ५० ग्रॅम भरडा: महिन्याला ३० किलो. २५ रुपये किलोने ७५० रुपये. वर्षाला १६० अंडी धरली तर एका अंड्यामागे ३ रुपयांपेक्षा कमी.

म्हणजे परसातील पालन परवडते ते कोंबडी स्वतः किडे, गवत आणि सांडलेले धान्य टिपते म्हणून. चरायला जागा नसेल, तर जास्त पक्षी घेऊ नका. फवारणी झालेल्या शेतात त्यांना सोडू नका.

नुसता मका पुरत नाही. भरड्यात थोडी पेंड मिसळा आणि कवच मजबूत व्हावे म्हणून शिंपल्यांचा चुरा द्या. मका काढणीनंतर स्वस्त असताना घ्या, पण चांगला वाळवूनच साठवा. बुरशी आलेल्या मक्यातील विषाने पक्षी मरतात. घरचा मका असेल, तर पडत्या भावात सगळा विकण्याआधी कोंबड्यांपुरता बाजूला काढा.

खाद्यासाठी पैसे कुठून?

किसान क्रेडिट कार्डाची सोय २०१८-१९ पासून पशुपालनालाही लागू आहे आणि त्यात कुक्कुटपालन येते. खाद्य, औषधे असा चालू खर्च त्यातून भागवता येतो. २ लाख रुपयांपर्यंतच्या अल्पमुदत कर्जावर व्याज सवलत आहे. वेळेवर परतफेड केल्यास व्याज ४ टक्के पडते. बचत गटही अर्ज करू शकतो. किती पक्ष्यांमागे किती कर्ज, हे जिल्हा पातळीवर ठरते. बँकेत तो दर विचारा.

सही करण्यापूर्वी हे विचारा

१. पिल्ले किती आठवड्यांची मिळतील? जात कोणती?
२. गटाच्या किमतीत खाद्य धरले आहे का? किती दिवसांचे?
३. माझा हिस्सा आधी भरायचा की अनुदान नंतर खात्यात येईल?
४. लसीकरण झाले आहे का? पुढची लस कधी आणि कुठे?

उत्तरे पशुवैद्यकीय दवाखान्यातून लेखी घ्या. पहिल्या सहा आठवड्यांच्या खाद्याचे पैसे हाताशी नसतील, तर एकदिवसीय पिल्लांऐवजी कमी संख्येने, पण वाढलेले पक्षी मागा.