हौसेला ट्रॅक कुठे?

हैदराबादने मोठी शर्यत पाहिली ती 11 फेब्रुवारी 2023 रोजी. फॉर्म्युला ईसाठी हुसेनसागराच्या काठी 2.83 किलोमीटरचा तात्पुरता ट्रॅक उभा राहिला. पुढच्या वर्षीची फेरी रद्द झाली. तिथल्या विजेवरच्या मोटारींचं कौतुक आम्हालाही होतं, पण या अंकाचा विषय वेगळा आहे: पदरमोड करून मोटरसायकल पळवणारे हौशी.

त्यांना वाट धरावी लागते ती चेन्नईची. तिथल्या क्लबने शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर वर्षानुवर्षे शर्यती भरवल्या, मग 1990 मध्ये इरुंगट्टुकोट्टईला 3.7 किलोमीटरचा स्वतःचा ट्रॅक सुरू केला. हैदराबादच्या नामपल्ली स्थानकाहून चेन्नईकडे जाणारी चारमिनार एक्स्प्रेस म्हणूनच इथल्या हौशींच्या ओळखीची.

वेग सगळ्यांना दिसतो, तयारी दिसत नाही. आरसे, इंडिकेटर, स्टँड उतरवायचे. इंजिन ऑइलच्या बोल्टला भोक पाडून तार आवळायची, कारण तो सैल झाला तर तेल मागच्याच्या चाकाखाली जातं. परवाना, लेदर सूट, टायर यांचा हिशेब घरी सांगायचा की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं! वन-मेक शर्यतीत मात्र सगळ्यांना सारखीच गाडी मिळते. तिथे हरलं तर सबब उरत नाही. मला विचाराल तर नवख्याने सुरुवात तिथेच करावी.

बाराव्यावरून अकराव्या क्रमांकावर येणं टाळ्या मिळवत नाही. हंगामभर घाम गाळणाऱ्यांना त्याचं काय वाटतं, ते पुढच्या पानांवर वाचा.