म्हातारपणाची डोकेदुखी आणि एक स्वस्त सुई

विमानतळासाठी उलव्याची टेकडी फोडत होते तेव्हा सुरुंगाचा आवाज झाला की अम्मी कपाळाला ओढणी करकचून बांधून अंधाऱ्या खोलीत पडून राहायची. टेकडी गेली, विमानं उडू लागली, अम्मीने सत्तरी ओलांडली. अर्धशिशी मात्र आहे तिथेच आहे. पाळी गेली की थांबेल, असं तिला डॉक्टरांनी अनेक वर्षं सांगितलं. पुष्कळ जणींची थांबते किंवा कमी होते, हे खरं. अम्मीची थांबली नाही. मग डॉक्टरांचं वाक्य बदललं : "वय झालं, आता असं चालायचंच."

माझं भांडण या वाक्याशी आहे. कारण 'चालायचंच' म्हणत म्हणत तिच्या ताटाशेजारी गोळ्यांची रांग वाढत गेली. एका डॉक्टरांनी फ्लुनारिझिन दिली. काही महिन्यांत तिचे हात थरथरायला लागले, चाल मंदावली, आणि कोणीतरी पार्किन्सनचं नाव काढलं. म्हाताऱ्या माणसांत ही गोळी नेमकी हीच लक्षणं आणू शकते, हे आम्हाला दुसऱ्या डॉक्टरांकडून कळलं. गोळी बंद केली, हात हळूहळू स्थिरावले. मधल्या काळात मेडिकलवाल्याने चिठ्ठीशिवाय एर्गोटामिनची गोळी दिली. हे औषध रक्तवाहिन्या आकुंचित करतं. ज्या बाईच्या हृदयात स्टेंट आहे, तिला! सुमाट्रिप्टानसारखी नवी औषधंही याच कारणाने तिला चालत नाहीत. आयबुप्रोफेनने मूत्रपिंड आणि पोट धोक्यात. अमिट्रिप्टिलिनने तोंडाला कोरड, आणि रात्री उठताना पडण्याची भीती. उरलं पॅरासिटामॉल. तेही महिन्यात पंधरा दिवस किंवा जास्त घेत राहिलं तर गोळीच डोकेदुखीचं कारण बनते.

अशा माणसासाठी एक उपाय आहे, आणि तो आम्हाला इतक्या वर्षांत कोणीही सांगितला नाही : नर्व्ह ब्लॉक. मानेच्या वर, कवटीच्या मागच्या बाजूला त्वचेखालून एक मज्जातंतू जातो. त्याच्याभोवती दोन-तीन मिलीलिटर लिग्नोकेन किंवा बुपिवाकेन सोडतात. लिग्नोकेन म्हणजे दात काढताना हिरडी बधिर करतात तेच, १९४३ साली स्वीडनमध्ये बनवलेलं. सुई कवटीच्या आत जात नाही, हाडाच्या बाहेरच राहते. दुखतं कपाळ आणि टोचायचं मागे, हे काय, असं मलाही वाटलं होतं. पण मानेकडून येणारे आणि कपाळाकडून येणारे वेदनेचे निरोप मेंदूच्या देठात एकाच ठाण्यावर पोचतात. मागची वाट शांत केली की ते ठाणंच निवतं. काम दहा मिनिटांचं. औषध तिथल्या तिथे राहतं. हृदय, मूत्रपिंड, पोट यांच्यावर रोजच्या गोळ्यांसारखा भार पडत नाही.

ही जादू नाही. कोणाला काही आठवडे आराम मिळतो, कोणाला महिना-दोन महिने, कोणाला काहीच नाही. सोबत स्टेरॉइड दिलं तर मधुमेह्याची साखर चढते, म्हणून अम्मीला नुसतं बधिरीचं औषध दिलं. आणि एक गोष्ट सुईच्या आधी : पन्नाशीनंतर *नव्याने* डोकं दुखू लागलं, कानशील दाबल्यावर दुखतं, चावताना जबडा भरून येतो, तर आधी ईएसआरची रक्ततपासणी. कानशिलाच्या रक्तवाहिनीचा दाह असेल आणि दुर्लक्ष झालं तर डोळा जातो.

"पुरावा तोकडा आहे हो," असं एका डॉक्टरांनी मला ऐकवलं. पूर्ण खोटं नाही. पण अमेरिकन हेडेक सोसायटीने २०२५ साली, तातडीच्या विभागात येणाऱ्या मायग्रेनच्या रुग्णांना हा ब्लॉक द्यायलाच हवा, अशी शिफारस केली. आणि ज्या गोळ्या अम्मीला बिनदिक्कत लिहून दिल्या, त्यांचा तिच्या वयातला पुरावा कुठे भरभक्कम आहे? मायग्रेनच्या बहुतेक चाचण्या पासष्टीच्या अलीकडेच थांबतात. लिग्नोकेन आज कोणा एका कंपनीच्या मालकीचं नाही. त्याच्यासाठी कोण पैसा ओतणार?

पैशाचंच बोलायचं तर सरकारने ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीवरच्या सगळ्यांना आयुष्मान वय वंदना कार्ड दिलं, वर्षाला पाच लाखांचं. अम्मीकडेही आहे. पण ओपीडीतला खर्च त्यात बसत नाही. दहा मिनिटांत सुई टोचून घरी जाणारी म्हातारी या योजनेच्या हिशेबात कुठेच नाही. आम्ही सुईसाठी अटल सेतूवरून मुंबईला गेलो. एका बाजूचा टोल २५० रुपये. त्या सुईतल्या औषधाला याच्या पावपटही पैसे पडत नाहीत.

आणि आपणही काही धुतल्या तांदळासारखे नाही. आमच्यात अर्धशिशी म्हटलं की पहिला सल्ला हिजामाचा. पैगंबरांनी डोकेदुखीसाठी हिजामा करवून घेतल्याच्या हदीस आहेत, त्यामुळे पुढे कोणी बोलत नाही. मीही श्रद्धेशी वाद घालत नाही. पण रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या खाणाऱ्या बाईच्या मानेवर ब्लेडचे चरे मारायला जे नातेवाईक तयार होते, तेच या बारीक सुईला "मेंदूत इंजेक्शन" म्हणून घाबरले. मावशीने तर फोनवर रडून घेतलं.

अम्मीला पहिल्या सुईनंतर पाच आठवडे बरे गेले. दुसरीनंतर तीनच. तरी तिसरीला ती स्वतःहून तयार आहे. परत येताना सेतूवर तिने विचारलं, आपल्या सेक्टरात दाताचे एवढे दवाखाने आहेत, औषधही तेच, मग एकाही डॉक्टरला मागे टोचायला शिकवत का नाहीत?

हा प्रश्न मी तिच्या हृदयाच्या डॉक्टरांना विचारला. ते हसले आणि पुढच्या महिन्याच्या गोळ्या लिहू लागले.