डोक्याला मार, पण रक्त नाही

डोके फुटून रक्त आले की सारे घर धावपळ करते. नुसते टेंगूळ आले तर मात्र हळद लावून आपण मोकळे होतो. ‘मुका मार आहे, जाईल,’ म्हणतो. पण कवटीच्या आत मेंदू जोराने हलला तरी बाहेर कधीकधी ओरखडाही दिसत नाही. या हादऱ्याला डॉक्टर ‘कन्कशन’ म्हणतात. शुद्ध गेली नाही म्हणजे काही झाले नाही, ही समजूत चुकीची आहे. बहुतेकांची शुद्ध जातच नाही.

असा माणूस तेच ते पुन्हा विचारतो. ‘मी इथे कसा आलो? जेवलो का?’ डोके दुखते, मळमळते, तोल जातो, उजेड सोसत नाही. परांचीवरून पडलेल्या मजुराचे असे झाले की लोक म्हणतात, ‘प्यायलाय, झोपू द्या.’ आणि तो सकाळी उठत नाही. प्यायलेला असला तरीही त्याला दवाखान्यातच न्यायचे. दारूच्या वासामागे मेंदूतला रक्तस्राव लपून राहतो.

आपल्या देशाचे क्रिकेटपटू रमण लांबा आठवत असतील. फेब्रुवारी १९९८ मध्ये ढाक्यात हेल्मेट न घालता फलंदाजाजवळ उभे असताना त्यांना चेंडू लागला. ते स्वतःच्या पायाने मैदानाबाहेर गेले, नंतर बेशुद्ध झाले आणि तिसऱ्या दिवशी वारले. मधला हा ‘बरा आहे’ असा वेळच घात करतो.

डॉक्टर तपासतात ते डोळे उघडणे, बोलणे आणि हातापायांची हालचाल. १९७४ साली ग्लासगोच्या टीसडेल व जेनेट या डॉक्टरांनी त्यासाठी मोजपट्टी दिली, ती आता १५ गुणांची आहे. १३ ते १५ गुण म्हणजे मार सौम्य धरतात. मग स्मरणशक्ती, तोल पाहतात. पडताना ज्याने पाहिले त्याने सोबत जावे, कारण रुग्णाला स्वतःला काही आठवत नसते. सी.टी. स्कॅन प्रत्येकाला लागत नाही. म्हातारी माणसे, रक्त पातळ करणारी गोळी घेणारे आणि वारंवार उलट्या होणारे यांना मात्र टाळू नये. स्कॅनमध्ये रक्तस्राव दिसतो, कन्कशन दिसत नाही. म्हणून ‘स्कॅन नॉर्मल’ ऐकून लगेच कामाला जुंपून घेऊ नका.

लक्षणे दुसऱ्या दिवशीही येतात. २०१९ साली लॉर्ड्सवर स्टीव्ह स्मिथ मानेवर चेंडू लागूनही तपासणीत पास होऊन पुन्हा खेळला. दुसऱ्या दिवशी डोके दुखू लागले आणि त्याला बाहेर बसावे लागले.

घरी आणल्यावर एक-दोन दिवस कोणीतरी जवळ असावे. डॉक्टरांनी तपासून सोडले असेल तर झोपू द्यावे, रात्रभर जागे ठेवायची गरज नाही. पण डोकेदुखी वाढत गेली, उलट्या थांबेनात, फिट आली, नाका-कानातून पाणी आले, एक बाहुली मोठी दिसली किंवा हाक मारून जाग येईना, तर १०८ ला फोन करा.

यावर खास औषध नाही. ‘ब्रेन टॉनिक’च्या बाटलीवर पैसे घालवू नका. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल पुरते. अ‍ॅस्पिरिन सुरुवातीला नको, रक्तस्रावाची भीती असते. दोन दिवस विश्रांती, टीव्ही-मोबाईल कमी, मग हळूहळू चालणे-फिरणे. महिनाभर अंधाऱ्या खोलीत पडून राहण्याचा जुना सल्ला आता कोणी देत नाही. मोठी माणसे साधारण दोन आठवड्यांत, मुले चार आठवड्यांत सावरतात. तोवर मुलाला कबड्डी नको. बरे होण्याआधी दुसरा मार फार महागात पडतो.

नाक्यावरच्या मजुराला रजा कुठली? तरी उंचीवर चढणे आणि गाडी चालवणे बंदच. डॉक्टरांकडून तसे चिठ्ठीवर लिहून घ्यावे आणि तेवढे दिवस मुकादमाकडे जमिनीवरचे काम मागावे.