पाळी सुटल्यानंतर

धनत्रयोदशीच्या आधीच पिंपरी-चिंचवडमधले वल्लभनगरचे एसटी स्थानक ओसंडून जाते. लातूर, बीड, सोलापूरच्या गाड्यांत पाय ठेवायला जागा नसते आणि निगडी-भोसरीच्या कित्येक इमारतींत आकाशकंदील मोजकेच दिसतात. दिवाळीला गावी जाणाऱ्यांचे हे शहर. तरी दिवाळी अंक इथेही निघतात, अगदी कारखान्यांतलेसुद्धा. टेल्कोतल्या ‘कलासागर’चे जुने अंक अजून काही घरांत जपलेले असतील.

फाळणीनंतर पिंपरीत सिंधी निर्वासितांचा कॅम्प पडला. १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९६०च्या दशकात एमआयडीसी, टेल्को आणि बजाज. १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. २०११च्या जनगणनेत शहराने सव्वासतरा लाख ओलांडले. इथे कामाला आलेल्या सगळ्यांना मोरया गोसावींचे आणि चापेकरांचे चिंचवड आयते मिळाले, आकुर्डीत मुक्कामाला येणारी तुकोबांची पालखीही. बाकीचे त्यांनी हाताने उभारले. केरळीयांनी अय्यप्पा आणला, बंगाल्यांनी दुर्गापूजा, घाटावरच्यांनी भजनी मंडळे.

हे जमले कशाच्या जोरावर? आमच्या मते कायम नोकरीच्या. कन्फर्म झालेल्या माणसाला पुढच्या वर्षी आपण कुठे असू हे ठाऊक असते. तो भिशी लावतो, सोसायटीचा सभासद होतो, पूर्वी प्राधिकरणात प्लॉटसाठी अर्जही करायचा आणि कामगार कल्याण मंडळाच्या नाट्यस्पर्धेत भूमिकाही मागतो. दुसऱ्या पाळीवाल्याला तालीम सकाळी हवी, पहिल्या पाळीवाल्याला संध्याकाळी. रात्रपाळीवाल्याची वाक्ये प्रॉम्प्टरच्या भरवशावर. २०१६ मध्ये ८९वे साहित्य संमेलन पिंपरीत भरले, त्याच्या थाटाची चर्चा फार झाली. आम्हाला त्याहून या तालमी मोठ्या वाटतात.

शेजारच्या चाकणचे तसे नाही. फिरंगोजी नरसाळ्याने १६६० मध्ये शायिस्तेखानाविरुद्ध झुंजवलेला संग्रामदुर्ग आणि कांद्याचा बाजार, ही त्याची जुनी ओळख. आज नाणेकरवाडी, खराबवाडी, म्हाळुंग्यात शेतांच्या जागी भाड्याच्या खोल्यांच्या ओळी आहेत. एका खोलीत पाच-सहा पोरे, निम्मी दिवसपाळीला, निम्मी रात्रपाळीला; त्यामुळे गाद्या कमी लागतात. बिहार-ओडिशाची, तशीच नांदेड-परभणीचीही. ठेकेदारामार्फत लागतात, काही महिन्यांनी ‘ब्रेक’ मिळतो, खोली बदलते, कधी गावही. तालीम दोन महिन्यांची आणि नोकरीचा भरवसा पुढच्या हजेरीपर्यंतचा. अशाने कुठल्या नाटकात काम धरायचे?

‘बाहेरच्यांनी इथली संस्कृती बिघडवली’ म्हणणाऱ्यांनी आपले वडील कुठल्या एसटीने आले ते एकदा सांगावे. (मूळ गाववाल्यांची गोष्ट वेगळी, त्यांची तक्रार जमिनीची आहे आणि ती खरी आहे.) मोशीला इंद्रायणीच्या घाटावर छठपूजेला जी गर्दी जमते, ती मुळे धरू पाहणाऱ्यांचीच आहे. त्यांना रुजू न देणारा प्रश्न भाषेचा नाही, कराराच्या मुदतीचा आहे.

यंदाही आमच्या या दिवाळी अंकासाठी आलेले बहुतेक साहित्य प्राधिकरण, चिंचवड, सांगवीचे. चाकण पट्ट्यातले अगदी थोडे. म्हणून पुढच्या अंकाचे आवाहन आत्ताच करतो. लिहायला सवड नसेल तर फोनवर बोलून पाठवा, आम्ही उतरवून घेऊ. भोजपुरी, हिंदी, ओडिया चालेल. मराठीत आणायची जबाबदारी आमची. आषाढापर्यंत पाठवा. मधल्या काळात खोली बदलली तर नवा पत्ता कळवा, मानधन तिथे येईल.