भीतीचा बाजार आणि चाचणीचा हक्क

२०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला आणि राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. त्यावेळी पुढे आलेली एक तक्रार विशेष विचार करावयास लावणारी होती. अंगावरून जाणे, ओटीपोटात दुखणे अशा तक्रारी घेऊन गेलेल्या स्त्रियांना ‘पुढे कॅन्सर होईल’ अशी भीती घालून शस्त्रक्रियेस तयार करण्यात आले, असे त्या सांगत होत्या. जेथे चाचणी दुर्मिळ असते, तेथे भीती ही विक्रीची वस्तू बनते.

वास्तविक गर्भाशयमुखाचा कर्करोग एकाएकी कोसळत नाही. ह्यूमन पॅपिलोमा विषाणूचा संसर्ग दीर्घकाळ टिकला तर पेशींत बदल होतात आणि त्यांचे कर्करोगात रूपांतर होण्यास बहुधा दहा-पंधरा वर्षे लागतात. हा अवधी हीच चाचणीची संधी होय. चाचण्या मुख्यतः तीन. गर्भाशयमुखाला सौम्य ॲसेटिक आम्ल लावून मिनिटभराने पांढरा डाग उमटतो का हे डोळ्यांनी पाहणे, ही पहिली. पेशी घेऊन त्या सूक्ष्मदर्शकाखाली तपासणे, ही दुसरी. आणि विषाणूचाच शोध घेणे, ही तिसरी. यांपैकी कोणतीही चाचणी सदोष आली म्हणजे कर्करोग झाला असे नव्हे. पुढील तपासणी हवी, एवढाच त्याचा अर्थ. प्रारंभीच्या बदलांवर बहुधा तेवढ्या भागापुरता उपचार पुरतो. गर्भाशय काढावे लागत नाही.

या ज्ञानात महाराष्ट्रातील श्रमिक स्त्रियांचा मोठा वाटा आहे. १९९९ मध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास सुरू झाला. २००९ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. विषाणूची चाचणी एकदाच केलेल्या गटात या रोगाने ३४ मृत्यू झाले. जवळपास तेवढ्याच मोठ्या, पण चाचणीविना ठेवलेल्या गटात ६४. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत दहावीपर्यंत शिकलेल्या प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी आम्लाची चाचणी केली, तेव्हा मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. तुलनेसाठी स्त्रियांना चाचणीविना ठेवण्यावर नैतिक आक्षेप घेतले गेले, आणि ते रास्त होते. म्हणूनच त्या ज्ञानाचे ऋण समाजावर आहे.

ते कितपत फेडले गेले? २०१६ मध्ये केंद्र सरकारने ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची दर पाच वर्षांनी तपासणी करण्याचे ठरविले. परंतु २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयोगटातील अवघ्या १.९ टक्के स्त्रियांची ही तपासणी कधी तरी झाल्याचे आढळले. आम्लाचा खर्च नगण्य आहे. महाग आहे ती स्त्रीची बुडालेली मजुरी, एस.टी.चे भाडे आणि ‘पुन्हा या’ म्हटल्यावर घालावी लागणारी दुसरी खेप. हा खर्च अंदाजपत्रकात कोठेही दिसत नाही, कारण तो गरिबाच्या घरातून वसूल होतो. मग चाचणी फुकट असूनही ती परवडत नाही.

तेव्हा कार्यकर्त्यांनी केवळ शिबिरांचे फलक लावून समाधान मानू नये. आपल्या उपकेंद्रात, प्राथमिक आरोग्य केंद्रात, ग्रामीण रुग्णालयात ही तपासणी कोणत्या वारी होते, कोण करते, आणि सदोष निष्कर्ष आल्यास उपचार कोठे मिळतो, या प्रश्नांची उत्तरे ग्रामसभेत मागावीत व ग्रामपंचायतीच्या फलकावर लावून घ्यावीत. निदान आणि उपचार शक्यतो एकाच दिवशी व्हावेत, हा आग्रह धरावा. ऊसतोडणीच्या टोळ्या गाव सोडण्यापूर्वीच तपासणी व्हावी. आशाताईंनी हे काम करावयाचे तर त्याचा योग्य मोबदला त्यांना मिळावा.

शास्त्राने आपले काम केले आहे. धाराशिवच्या स्त्रियांनी त्याची किंमतही मोजली आहे. आता उरले आहे ते राजकीय काम, आणि त्याला शासनाची वाट पाहत बसण्याचे कारण नाही.