स्कर्ट, सुया आणि माप

परवा दुपारी चहा घेता घेता सूनबाईंनी माझ्या हातातल्या सुयांकडे बघत विचारलं, "आई, किती वेळ घालवता हो यात! पाचशे रुपयांत चांगला स्कर्ट मिळतो बाजारात." ती चिडून नाही, काळजीनंच म्हणाली. माझा चष्म्याचा नंबर गेल्या वर्षी वाढलाय ना! मी हसून विषय बदलला. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर उत्तरं सुचायला लागली. (हा आम्हा मास्तरणींचा जुना रोग. तास संपल्यावर उत्तर सुचतं.) तेच इथे मांडतेय.

आधी सगळं सांगते. स्कर्ट माझ्या नातीसाठी होता. ती आठवीत आहे. दिवाळीआधी आम्ही तिघी एका मॉलमध्ये कपडे घ्यायला गेलो. पोर कपडे बदलायच्या खोलीत गेली ती बराच वेळ बाहेर येईना. मी पडद्याबाहेरून हाक मारली तर आतून नुसतं, "काही नको मला, घरी चला." सहा स्कर्ट नेले होते, सहाही कमरेत अडकले. बाहेरची मुलगी मदत करायच्या भरात मोठ्यांदा म्हणाली, "मॅडम, यांना लेडीज सेक्शनमध्ये बघा." नातीचे कान लाल झाले. रिक्षात सिडकोपर्यंत एक शब्द बोलली नाही. घरी आल्यावर जेवली मात्र नाही नीट.

मंडळी, मला त्या रात्री फार वाईट वाटलं. या पोरीत काय कमी आहे? कबड्डी खेळते, दोन-दोन जिने धावत चढते. कमी असेल तर त्या स्कर्टात आहे. पण हे तिला सांगून पटणार नव्हतं.

आता जरा मागे जाते. माझ्या आजीला आयुष्यात कुणी तिचं 'माप' विचारलं नव्हतं. नऊवारी लुगडं बारीक बाईलाही बसतं आणि अंगानं भरलेल्या बाईलाही. बाळंतपणाआधी तेच, नंतर तेच, आणि म्हातारपणी लेकीला दिलं तर तिलाही तेच! आपल्याकडचं कापड माणसाला गुंडाळून घ्यायचं, धोतर काय, लुगडं काय, उपरणं काय. आमच्या शेजारचं पैठण पैठणीसाठी आणि आमचं शहर हिमरूसाठी नावाजलेलं, पण मागावर बसलेल्या कारागिरानं नेसणारीची कंबर कधी मोजली नाही. शिवलेलं असायचं ते पोलकं. तेही शिंपी घरी येऊन किंवा जुन्या पोलक्यावरून शिवायचा, म्हणजे माप आपलंच.

तयार कपडे आले आणि हे उलटं झालं. आता माप कारखान्यात ठरतं आणि माणसानं त्यात मावायचं. बरं, ती मापं तरी कुठली? आपल्याकडे वर्षानुवर्षं परदेशी तक्त्यांवरून थोडेफार फेरफार करून कपडे बेतले गेले. भारतीय अंगाची म्हणून मापं घ्यायला निफ्टनं 'इंडियासाइझ' नावाचं सर्वेक्षण हाती घेतलं, देशातल्या सहा शहरांत २५,००० हून जास्त लोकांचं! म्हणजे इतकी वर्षं अडकणाऱ्या चेनमध्ये दोष पोटाचा नव्हता, निदान सगळा नव्हता. पण तेरा-चौदा वर्षांच्या पोरीला हे कोण सांगणार?

तर मी ठरवलं, हिला स्कर्ट विणून द्यायचा. सुयांवर, हातानं.

मराठीत गंमत बघा. मागावर पैठणी होते तेही विणणं, बाजेला सुंभ भरतात तेही विणणं आणि लोकरीचा स्वेटर करतात तेही विणणंच. पण तंत्र अगदी वेगळं. मागावर उभे-आडवे धागे एकमेकांखालून-वरून जातात. सुयांवर एकच धागा, त्याच्या फाशात फासा. म्हणून सुयांवरचं कापड ताणलं जातं, अंगाबरोबर हलतं. आपण रोज घालतो तो टी-शर्टही असाच, फक्त तिरुपूरसारख्या ठिकाणी यंत्रावर विणलेला.

मी विणायला शिकले १९६२ साली. मी अकरा वर्षांची होते. चीनचं युद्ध चालू होतं आणि गावोगावच्या बायका जवानांसाठी स्वेटर विणत होत्या. आमच्या बाईंनी आम्हा मुलींना मफलरवर बसवलं. मेंदी रंगाची राठ लोकर, बोटं सोलून निघायची. माझा मफलर एका टोकाला रुंद आणि दुसऱ्याला अरुंद झाला होता. बाई म्हणाल्या, "जाऊ दे, थंडीला कळत नाही." तेव्हापासून अर्ध्या नात्यातल्या बाळांची टोपडी आणि मोजे माझ्या हातचे. पण स्कर्ट? स्कर्ट कधी केला नव्हता.

आणि पहिला सपशेल फसला! आमच्याकडे थंडी दोन-अडीच महिन्यांची, म्हणून मी शहाणपणानं सुती धागा आणला. तीन आठवडे खपून स्कर्ट झाला, खुंटीला टांगला. सकाळी बघते तर तीन इंच लांब! सूत वजनदार, आणि एकदा ताणलं की लोकरीसारखं परत आवळत नाही. आमचे हे म्हणाले, "आणखी दोन दिवस टांग, नऊवारी होईल." अख्खा उसवला.

दुसऱ्या वेळी बारीक मिश्र लोकर घेतली आणि खालून वर विणण्याऐवजी कमरेपासून खाली विणायला घेतलं. याचा फायदा असा की मधेच अंगाला लावून बघता येतं, लांबी शेवटी ठरवता येते. तारेनं जोडलेली गोल सुई घेतली की शिवण नाही, आणि गोलात फिरताना नुसते सुलट टाके घालत जायचं, उलट टाक्यांची भानगड नाही.

पण मापं? नात पट्टी अंगाला लावू देईना. "तू आकडा मोठ्यानं वाचशील," म्हणाली. काळजात चर्र झालं हो. मग मी पट्टी तिच्या हातात दिली. "आत जा, तूच घे, कागदावर लिही. मला फक्त टाके सांग." आणि तिला गणित शिकवलं. तिची मापं मी इथे लिहिणार नाही, ती तिची आहेत. उदाहरणाला दुसरे आकडे घेते.

आधी हातभर नमुना विणायचा आणि मोजायचा. चार इंचांत २२ टाके आले म्हणजे इंचाला साडेपाच. उभ्यात इंचाला ७ फेरे. कंबर ३२ इंच असेल तर ३२ गुणिले साडेपाच, १७६ टाके घालायचे. नितंबाशी ३८ इंच हवे तर साधारण २०८. म्हणजे ३२ टाके वाढवायचे, तेही आठ इंचांत, म्हणजे ५६ फेऱ्यांत. दर सातव्या फेऱ्याला चार टाके वाढवले की आठ वेळांत बरोबर ३२! वर रबर घालायला पट्टी दुमडून घ्यायची, आत पातळ अस्तर लावायचं म्हणजे बसून बसून मागे पोक येत नाही. बावीस इंच लांबीला एकतीस हजारांच्या आसपास टाके होतात. (हा हिशोबही नातीनंच केला.)

मी हे सगळं का सांगतेय? तो कागद घेऊन पोर बाहेर आली तेव्हा तिच्या कमरेचा आकडा हा निकाल राहिला नव्हता, नुसतं गणितातलं एक पद झाला होता. साडेपाचनं गुणायचं आणि पुढे जायचं. मोठा आकडा म्हणजे थोडे जास्त टाके, बस्स! मला वाटतं, हातानं कपडा करण्याचा खरा उपयोग हा आहे. बचत नाही; लोकरीचेच पैसे सूनबाईंच्या पाचशेपेक्षा जास्त झाले. वेळ घालवणंही नाही. रिकामा वेळ घालवायला टीव्ही आहे. आणि 'जुनं ते सोनं' तर मुळीच नाही.

कारण जुन्यात माझी स्वतःची एक चूक आहे. ती आज कबूल करते. आमच्या शाळेत कार्यानुभवाचा तास असे. मुलींना शिवण-विणकाम, मुलांना बागकाम. १९८४-८५ची गोष्ट असेल. सातवीतला एक मुलगा खुरपं टाकून आमच्या वर्गाच्या खिडकीशी येऊन उभा राहायचा. एकदा म्हणाला, "बाई, मला पण शिकवा ना टाके." मी म्हटलं, "अरे, बांगड्या भरून ये मग." वर्ग खो खो हसला. तो परत कधी खिडकीशी आला नाही. मॉलमधल्या त्या मुलीचा मला राग आला होता ना, तर मीही एका पोराला असंच भर वर्गात चुकीच्या 'सेक्शन'मध्ये पाठवलं होतं. आणि मी तर शिक्षिका होते!

गांधीजींच्या नई तालीमची योजना १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत मांडली गेली तेव्हा सूतकताई मुलामुलींसाठी एकच होती. मग आम्ही मधेच बायकी-पुरुषी कुठून आणलं? आता २०२० च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवून स्थानिक कारागिरांकडे काम शिकायचं सुचवलंय. माझं म्हणणं एवढंच. त्या दहा दिवसांत प्रत्येक पोरानं, मुलगा असो की मुलगी, स्वतःच्या मापाची एक वस्तू करावी. टोपी चालेल, मोजा चालेल, चड्डीसुद्धा चालेल. माप स्वतः घ्यावं आणि कपड्याला आपल्यापर्यंत यायला लावावं.

काही जण म्हणतील, बाई, सगळ्यांनी विणत बसलं तर कामं कोण करणार? कबूल. मीही साड्या विकतच घेते. आयुष्यात एकदा करावं म्हणते, रोज नाही. एकदा चपाती लाटली की हॉटेलातल्या चपातीची किंमत कळते, तसं.

स्कर्ट डिसेंबरात झाला. खालची काठाची पट्टी नातीनं स्वतः विणली. त्यात एक टाका सुटलाय, मी दुरुस्त करू का विचारलं तर नको म्हणाली. तिनं तो किती वेळा घातला? खरं सांगते, दोनदा. मग इथला उन्हाळा लागला. मला थोडं लागलं, पण असो. गेल्या महिन्यात आम्ही पुन्हा त्याच मॉलमध्ये गेलो. एक पँट अडकली, तशी ती पडद्याबाहेर डोकं काढून म्हणाली, "आजी, यांचे टाके कमी पडलेत. मोठी दे."

आणि हो, पुढच्या रविवारपासून आमच्या सोसायटीतली चार पोरं विणायला येणार आहेत. त्यातले दोन मुलगे आहेत. बांगड्यांचा विषय काढणार नाही, शप्पथ!

तुमच्या आजीनं, आईनं, आजोबांनीसुद्धा, तुमच्या मापाचं काही करून दिलं असेल तर जरूर लिहा. वाचायला आवडेल.