न्हाणीघरात दबा धरलेला मृत्यू

थंडी पडू लागली की गॅसच्या गीझरने न्हाणीघरात कोणी गुदमरून गेल्याची वार्ता येतेच. दार आतून बंद, खिडकी गारठ्यामुळे लावलेली, नळ चालू आणि माणूस निष्प्राण! पंचनाम्यात ‘अपघाती मृत्यू’ असे लिहिले जाते. परंतु ज्याचे कारण शास्त्रास एकोणिसाव्या शतकापासून ठाऊक आहे, त्यास अपघात म्हणणे आम्हांस मान्य नाही.

कोंडलेल्या खोलीत गीझरची ज्योत प्राणवायू संपवीत जाते. तो अपुरा पडला की ज्वलन अर्धवट होऊन कार्बन मोनॉक्साइड निर्माण होतो. हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट धरतो. ‘गॅस असेल तर वास येईलच’ हा घरोघरचा विश्वास येथेच घात करतो. सिलिंडरमधील गॅसला वास असतो तो मुद्दाम मिसळलेल्या द्रव्याचा. ज्वलनातून उपजणाऱ्या या विषाला ना वास, ना रंग. डोके जड होते, मळमळते, पित्त झालेसे वाटते आणि कडी काढण्याचे बळ उरत नाही. जानेवारी २०२० मध्ये नेपाळातील दामन येथे गॅसचा हीटर लावून एका खोलीत निजलेले केरळचे आठ प्रवासी प्राणास मुकले. त्यांत चार मुले होती.

या वायूची चाहूल लागताच कर्कश इशारा देणारे यंत्र मिळते. ग्राहकाने मात्र सावध असावे. ‘गॅस डिटेक्टर’ म्हणून जे विकले जाते ते पुष्कळदा केवळ सिलिंडरची गळती हेरते. या विषापुढे ते मुकेच! वेष्टनावर कार्बन मोनॉक्साइडचे नाव पाहूनच ते घ्यावे, निजावयाच्या खोलीपाशी लावावे, आणि पाच ते दहा वर्षांत निकामी होते म्हणून मुदत संपताच बदलावे. पण यंत्र आणले म्हणजे न्हाणीघरात गीझर ठेवण्यास परवाना मिळाला, असे नव्हे. चिंचोळ्या जागेत ते ओरडेपर्यंत सवड मिळेलच असे नाही. गीझरची जागा बाहेर, मोकळ्या हवेत.

स्वतःच्या घरात हे ज्याचे त्याने करावे. भाडेकरूने व वसतिगृहातील विद्यार्थ्याने काय करावे? त्यांचा गीझर मालक बसवितो, आणि बहुधा स्वस्तात स्वस्त. इंग्लंडात १ ऑक्टोबर २०२२ पासून, स्वयंपाकाची शेगडी सोडून, इंधन जाळणारे कोणतेही कायमचे उपकरण असलेल्या भाड्याच्या खोलीत असे यंत्र बसविणे घरमालकावर बंधनकारक आहे. आमच्या महापालिकेने निदान भाड्याच्या खोल्या व वसतिगृहे यांची पाहणी करून न्हाणीघरांतील गीझर बाहेर काढावयास लावावे. दिवाळीनंतर गारठा वाढेल. ही पाहणी त्यापूर्वी झाली पाहिजे.